गाईची पोटफुगी: गोठ्यात काय घडते आणि घरच्या माणसांनी काय सांभाळावे

माणसांच्या आरोग्याची माहिती देणाऱ्या या जागेवर गाईच्या पोटाचा लेख कशाला, असे काहींना वाटेल. कारण साधे आहे. मी जिथे प्रॅक्टिस करते तिथे बहुतेक पेशंटच्या घरी एक-दोन तरी दुभती जनावरे असतात. पाऊस सुरू होऊन हिरवा चारा वाढला, की तपासून झाल्यावर उठता उठता प्रश्न येतात. "मॅडम, परवा आमची गाय फुगली होती. तिचं दूध पोरांना दिलं तर चालतं का?" "घशात काही अडकलंय का बघायला मालकांनी तिच्या तोंडात हात घातला होता, काय होणार नाही ना?" "तिला होतो तोच गॅस मला होतो का?"

हे तिन्ही प्रश्न वाटतात त्यापेक्षा महत्त्वाचे आहेत. त्यांतल्या दुसऱ्यावर माणसाचा जीव अवलंबून असू शकतो आणि तिसऱ्याच्या चुकीच्या उत्तरानेही जीव जातो. म्हणून आधी गाईच्या पोटात नेमके काय होते ते समजून घेऊ आणि मग आपल्याकडे वळू. एक गोष्ट स्पष्ट असू द्या: मी माणसांची डॉक्टर आहे. जनावराला कोणते औषध किती द्यायचे हे तुमच्या पशुवैद्यकांनीच ठरवायचे.

गाईला चार पोटे असतात का?

पोट एकच, त्याचे कप्पे चार. कोटीपोट, जाळीपोट, पडदेपोट आणि चौथे खरे पोट. आपल्या जठराशी तुलना करायची तर ती फक्त या चौथ्या कप्प्याशी करता येते, कारण आम्ल आणि पाचकरस तिथेच तयार होतात. त्याआधीचे तीन कप्पे म्हणजे आंबवण्याची, घुसळण्याची आणि गाळण्याची जागा.

यातले कोटीपोट प्रचंड असते. पूर्ण वाढलेल्या गाईत ते दीडशे लिटरच्या आसपास भरते. गोठ्यात पाण्यासाठी ठेवलेले दोनशे लिटरचे निळे पिंप डोळ्यांसमोर आणा. ते पाऊण भरले की जेवढे होईल तेवढे. पोटाची जवळजवळ पूर्ण डावी बाजू त्याने व्यापलेली असते. म्हणूनच पोटफुगी पहिल्यांदा डाव्या भकाळीत, म्हणजे शेवटची बरगडी आणि माकडहाड यांच्यामधल्या खळग्यात दिसते.

गवत आणि कडबा पचवण्यासाठी लागणारा पाचकरस गाईच्या शरीरात तयारच होत नाही. आपल्याही होत नाही. फरक एवढाच, की गाईने हे काम करणारे कोट्यवधी जिवाणू आणि इतर सूक्ष्मजीव कोटीपोटात पाळलेले असतात. ते चारा आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्ले रक्तात शोषली जातात. गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे ७० टक्के वाटा याच आम्लांचा. म्हणजे आपण गाईला चारा घालतो असे म्हणतो तेव्हा खरे तर तिच्या पोटातल्या जिवाणूंना चारा घालत असतो आणि ते गाईला पोसत असतात.

आता आंबवणे म्हटले की वायू आलाच. इडलीचे पीठ रात्रीतून फुगते तसेच. फक्त गाईच्या पोटात हे चोवीस तास चालू असते आणि भरपेट खाल्ल्यानंतर तासाला ३० ते ५० लिटर वायू तयार होऊ शकतो. त्यात मोठा भाग कार्बन डायऑक्साइडचा आणि त्याखालोखाल मिथेनचा. एवढा वायू बाहेर टाकायचा तर गाईला जवळजवळ मिनिटाला एक ढेकर द्यावी लागते. आपल्याला ती ऐकू येत नाही. ढेकरेतला बराचसा वायू आधी तिच्या फुफ्फुसात जातो आणि मग श्वासाबरोबर निघतो. (चाऱ्यात कांद्याची पात गेली की दुधाला वास का येतो, त्याचे एक कारण हे आहे. वासाचा अंश फुफ्फुसातून रक्तात आणि रक्तातून सडात उतरतो.)

दुसरी महत्त्वाची गोष्ट लाळ. गाय दिवसाला शंभर ते दीडशे लिटर लाळ गिळते. त्या लाळेत खाण्याच्या सोड्याचाच घटक भरपूर असतो आणि जिवाणूंनी तयार केलेले आम्ल तो मारत राहतो. लाळ सुटते ती मुख्यतः चघळताना, रवंथ करताना. दिवसातले सहा-आठ तास गाय रवंथ करते ते उगीच नाही. जितका चारा लांब आणि कोरडा, तितके चघळणे जास्त आणि तितकी लाळ जास्त. भरडा, पेंड, बारीक कुट्टी जास्त झाली, की चघळणे घटते आणि लाळही घटते. पोटफुगीची अर्धी गोष्ट या लाळेत आहे.

वायू तयार होतो म्हणून गाय फुगत नाही

हे वाचून दचकू नका. फुगलेल्या गाईच्या पोटात वायू नेहमीपेक्षा खूप जास्त तयार झालेला असतोच असे नाही. मुख्य बिघाड असा, की तयार झालेला वायू बाहेर पडत नाही. हा बिघाड दोन तऱ्हांनी होतो आणि दोन्हींतला फरक घरच्यांना कळलेला बरा.

पहिली तऱ्हा फेसाची. कोवळा, ओला लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाण्यात आला, की त्यातली सहज विरघळणारी प्रथिने कोटीपोटातल्या पाण्यात मिसळतात. जिवाणूंचा चिकट स्रावही त्यात असतो. मग वायूचे बारीक बुडबुडे एकत्र येऊन वर सुटे होण्याऐवजी फेसात अडकून राहतात. दूध उतू जाताना वर येणारा फेस आठवा, तो फुंकर मारूनही लवकर बसत नाही. खरी अडचण पुढे आहे. अन्ननलिका जिथे कोटीपोटात उघडते, तिथे द्रव आहे की वायू आहे हे ओळखणाऱ्या संवेदना असतात. तिथे द्रव असेल तर ढेकर येत नाही. ही सोय चांगलीच आहे, नाहीतर ढेकरेबरोबर पाणी श्वासनलिकेत गेले असते. पण फेसालाही शरीर द्रवच समजते आणि दार बंद ठेवते. आत वायू वाढत राहतो, गाय ढेकर देऊ शकत नाही.

दुसरी तऱ्हा सुट्या वायूची. इथे फेस नसतो. वायू वर मोकळा जमलेला असतो, पण वाट बंद असते किंवा पोट हलत नसते. अन्ननलिकेत बटाटा, आंब्याची कोय, बीट असे काही अडकणे हे नेहमीचे कारण. व्यायल्यानंतर कॅल्शियम कमी होऊन गाय आडवी पडली, तर कोटीपोटाचे आकुंचन मंदावते आणि त्यात ती कुशीवर कलंडली तर अन्ननलिकेचे तोंड पाण्याखाली जाते. लग्नकार्यातला उरलेला भात, पोळ्या, जिलेबी टोपलीभर घातली तर वेगळाच गोंधळ होतो. पिष्ट आणि साखर झपाट्याने आंबून लॅक्टिक आम्ल तयार होते, पोटाचा सामू खाली जातो, नेहमीचे जिवाणू मरतात आणि पोटाची हालचालच थांबते. यात गाय फुगते, पण तिचा जीव बऱ्याचदा फुगण्यापेक्षा या आम्लाने आणि शरीरातले पाणी घटल्याने धोक्यात येतो. आपण प्रेमाने घातलेला घास तिला सर्वात महाग पडतो, हे मला दरवर्षी लग्नसराईत कुणाकडून तरी ऐकायला मिळते.

आणि वरचेवर थोडी थोडी फुगणारी, खंगत जाणारी गाय असेल तर पोटात प्लास्टिकच्या पिशव्या, दोर किंवा तार असण्याची शंका पशुवैद्यक घेतात.

फुगलेले कोटीपोट पडद्याला पुढे ढकलते. फुफ्फुसांना पसरायला जागा उरत नाही, पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्या दाबल्या जाऊन हृदयाकडे येणारे रक्त घटते. गाय गुदमरून जाते. ओल्या लसूणघासावर सोडलेली गाय अर्ध्या-एक तासात फुगू लागते आणि लक्षणे दिसल्यापासून काही तासांत, कधी त्याहूनही लवकर दगावते. सकाळी दूध देऊन गेलेली गाय दुपारी गेली, असे म्हणतात ते अशा वेळी.

एकाच दावणीच्या दोन गाई, एकच फुगते. असे का?

चारा तोच, वेळ तीच, पण एक आरामात रवंथ करते आणि शेजारची फुगते. शेतकरी याला गाईची प्रकृती म्हणतात आणि ते बरोबर आहे. न्यूझीलंडमध्ये गाई वर्षभर क्लोव्हर नावाच्या द्विदल गवतावर चरतात, त्यामुळे तिथे पोटफुगी हा मोठा प्रश्न. तिथल्या रुआकुरा संशोधन केंद्रात १९७० च्या दशकापासून निवड करून गाईंचे दोन कळप वाढवले गेले. एक सहज फुगणाऱ्यांचा, दुसरा न फुगणाऱ्यांचा. दोन्ही कळप वेगळे होत गेले, म्हणजे हा कल आईबापांकडून काही प्रमाणात येतो हे दिसले. दोन्ही कळपांच्या लाळेतल्या एका प्रथिनाच्या प्रमाणातही फरक आढळला. शिवाय सहज फुगणाऱ्या जनावरांच्या कोटीपोटातून चाऱ्याचे बारीक कण पुढे सरकायला जास्त वेळ लागतो, असे कॅनडातल्या संशोधकांना दिसले. कण जितके जास्त वेळ मागे राहतील तितका फेस टिकतो.

तुमच्यासाठी यातून उपयोगाची गोष्ट अशी: जी गाय एकदा हिरव्या चाऱ्याने फुगली, ती पुन्हा फुगण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त धरा. तिच्यापुढे आधी कडबा टाका, तो खाऊन झाल्यावरच लसूणघास. घास कापून काही तास सुकवून द्या, दवात भिजलेला लगेच नको. फुलावर येण्याआधीचा कोवळा घास सर्वात जास्त फुगवतो. आंबोण वाढवायचे असेल तर एका दिवसात न वाढवता दहा-पंधरा दिवसांत हळूहळू वाढवा, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना बदलायला वेळ मिळतो. सगळ्याच द्विदल चाऱ्यांनी मात्र गाय फुगत नाही. ज्यांच्या पानांत टॅनिन असते, तेच टॅनिन जे चहाला तुरटपणा देते, त्यांत प्रथिने बांधली जातात आणि फेस होत नाही.

पहिला तास

डावी भकाळी नेहमी थोडी खोल असते. ती आधी सपाट होते, मग पाठीच्या रेषेच्याही वर येते. टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज येतो. गाय चारा आणि रवंथ सोडते, मागच्या पायाने पोटावर मारते, ऊठबस करते. मान लांब करून, तोंड उघडून, जीभ बाहेर काढून श्वास घेऊ लागली, किंवा उजवी बाजूही फुगली, तर वेळ फार थोडा उरला आहे.

आधी फोन करा. महाराष्ट्रात जनावरांसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे, किंवा तुमच्या नेहमीच्या पशुवैद्यकांना लावा. फोनवर तीन गोष्टी सांगा: शेवटचे काय खाल्ले, कधी खाल्ले, उभी आहे की पडली आहे. ते येईपर्यंत हिरवा चारा आणि आंबोण समोरून काढा. गाय उभी असेल तर पुढचे पाय चढावर येतील अशी उभी करा, श्वास बरा चालत असेल तर हळूहळू चालवा. कडुलिंबाची काठी तोंडात आडवी धरून शिंगांना दोरीने बांधण्याची जुनी पद्धत आहे, तिला अर्थ आहे: गाय काठी चघळत राहते, लाळ सुटते, तोंड उघडे राहून ढेकरेला वाट मिळते.

गोडेतेल पाजण्याचीही पद्धत आहे आणि फेसाच्या पोटफुगीत तेल फेस मोडते हे खरे आहे. पण तेल पाजताना गाईचे डोके फार उंच करून, जीभ ओढून घाईने ओतले तर ते फुफ्फुसात जाते. पोटफुगीतून वाचलेली गाय मग चार दिवसांनी न्यूमोनियाने जाते. त्यामुळे तेल द्यायचे का, किती आणि कसे, हे फोनवर विचारूनच द्या. पडलेल्या किंवा धापा टाकणाऱ्या गाईच्या तोंडात काहीही ओतू नका.

भकाळीत सुरी खुपसून वायू काढण्याचे किस्से प्रत्येक गावात असतात. पशुवैद्यक ट्रोकार नावाचे नळीचे हत्यार वापरतात तेव्हा जागा, दिशा आणि आतली नळी सगळे नेमके असते. पोटफुगी फेसाची असेल तर बारीक छिद्रातून फेस निघतही नाही. छिद्र होते, पोटातला माल आतल्या पोकळीत सांडतो आणि फुगी तशीच राहते. आणि नळीतून वायू सुटत असताना जवळ विडी पेटवू नका. त्यात मिथेन असतो, तो पेट घेतो.

आता माणसांकडे: तोंडात हात घालण्याआधी

या लेखातला हा भाग घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा. गाय लाळ गाळते आहे, गिळता येत नाही, पाण्याजवळ जाऊन पीत नाही, थोडी फुगलीही आहे. साहजिकच वाटते, घशात काही अडकले. घरातला कर्ता माणूस बाही वर करतो आणि कोपरापर्यंत हात घालतो. पण जनावराला रेबीज झाला, तरी सुरुवात अशीच दिसू शकते. घशाचे स्नायू लुळे पडल्याने लाळ गळते, गिळता येत नाही. सोबत विचित्र हंबरणे, अंगावर धावून येणे, मागचे पाय लटपटणे असेल, किंवा मागच्या काही आठवड्यांत-महिन्यांत कुत्रे चावल्याचे कुणाला आठवत असेल, तर शंका आणखी पक्की.

म्हणून नुसत्या हाताने तोंड तपासू नका, ते काम पशुवैद्यकांवर सोडा. हात घालून झालाच असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. कातडी पूर्ण धड असेल तर लाळ नुसती लागल्याने रेबीज होत नाही. पण शेतात राबणाऱ्या हाताला कुठे तरी चीर, खरचटे, नखाजवळची भेग असतेच आणि ती डोळ्यांना दिसत नाही. गाईचा दात लागला असेल, लाळ डोळ्यात किंवा तोंडात उडाली असेल तर लस आणि त्याबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही लागू शकते. लस सरकारी दवाखान्यात मिळते. रेबीजची लक्षणे माणसात एकदा सुरू झाली, की उपचार जवळपास कधीच उपयोगी पडत नाहीत. लशीने मात्र तो टळतो. दुखणारा हात आणि चुकलेले काम या हिशेबात डोस अर्धवट सोडू नका.

दुसरी वेळ मेलेल्या जनावराची. काल ठणठणीत असलेले जनावर अचानक मेले, पोट फुगलेले आहे, म्हणून पोटफुगीने गेले असा निष्कर्ष निघतो. मेल्यावर कोणत्याही जनावराचे पोट फुगतेच. पण नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल तर ते काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स असू शकते. असे जनावर कापू नका, कातडे सोलू नका, ओढत नेऊ नका. शरीर उघडले की जिवाणू हवेच्या संपर्काने टणक बीजाणू बनवतात आणि ते मातीत वर्षानुवर्षे टिकतात. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा, विल्हेवाट त्यांच्या सांगण्यानुसार करा. अशा जनावराला हात लागल्यावर काही दिवसांत हातावर, मानेवर किंवा चेहऱ्यावर खाजणारी पुळी येऊन तिची न दुखणारी काळी खपली झाली आणि भोवती सूज आली, तर लगेच या आणि जनावराबद्दल आपण होऊन सांगा. वेळेवर अँटिबायोटिक मिळाले तर त्वचेची काळपुळी बरी होते. आम्ही विचारायला विसरू शकतो, तुम्ही सांगायला विसरू नका.

तिसरा धोका बाटलीचा. पोटफुगीवर द्यायला अनेक गोठ्यांत टर्पेंटाईनचे तेल ठेवलेले असते आणि ते बहुतेक वेळा कोल्ड्रिंकच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत. दोन-तीन वर्षांचे मूल ते पाणी समजून तोंडाला लावते. टर्पेंटाईन, रॉकेल हे पातळ पदार्थ पोटापेक्षा फुफ्फुसाला जास्त घातक. एक घोट श्वासनलिकेत गेला तरी रासायनिक न्यूमोनिया होतो. अशा वेळी मुलाला उलटी करायला लावू नका, मिठाचे पाणी, दूध, ताक काहीही पाजू नका. उलटी झाली की तो पदार्थ दुसऱ्यांदा श्वासनलिकेजवळून जातो. कपड्यांवर सांडले असेल तर कपडे काढा, अंग धुवा, बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. मूल हसत-खेळत असले तरी काही तास देखरेखीखाली ठेवावे लागते, कारण खोकला आणि धाप उशिरा सुरू होऊ शकते.

माझा गॅस आणि तिचा गॅस

गाय आधी आंबवते, मग पचवते. आपण आधी पचवतो, मग उरलेले आंबवतो. अख्खा फरक इथे आहे. आपले अन्न प्रथम जठरातल्या तीव्र आम्लात पडते, तिथे जिवाणूंना फारसा वाव नसतो. पुढे लहान आतड्यात बहुतेक अन्न शोषले जाते. जे शोषले जात नाही, वाल-हरभऱ्यातल्या काही साखरा, भाज्यांचे तंतू, ते मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. तो वायू खालून जातो. आपली ढेकर बहुतांशी घाईने जेवताना, चहाचे घोट ओढताना गिळलेल्या हवेची असते. दिवसभरात आपल्या आतड्यात तयार होणारा वायू साधारण अर्धा ते दीड लिटर. गाईच्या एका तासाचाही तो हिशेब नाही.

एक मजेशीर साम्य आहे. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या गॅसच्या अनेक गोळ्यांत सिमेथिकोन असते. ते सिलिकॉनवर्गीय औषध फेसाचे बुडबुडे फोडते. जनावरांच्या पोटफुगीच्या काही औषधांतही याच कुळातला घटक असतो. म्हणून गाईची बाटली माणसाने घ्यायची असे मात्र नाही. तिच्यात इतरही घटक असतात आणि मात्रा गाईच्या वजनाची असते.

गाय गॅसने मरते, माणूस नुसत्या गॅसने मरत नाही. पण ज्याला घरात गॅस म्हटले गेले त्याने माणसे मरतात. "ह्यांच्या छातीत गॅस धरलाय, दोनदा सोडा दिला, ढेकर आली, तरी बरं वाटंना" हे वाक्य मी ऐकते तेव्हा पहिले काम ईसीजी काढण्याचे असते. छातीत किंवा पोटाच्या वरच्या भागात दाब, आवळल्यासारखे वाटणे, घाम फुटणे, डाव्या किंवा दोन्ही हातांत, जबड्यात, पाठीत कळ जाणे, दम लागणे, ही हृदयविकाराच्या झटक्याची लक्षणे आहेत. मधुमेही माणसांत, बायकांत आणि वयस्करांत छातीत दुखतच नाही असेही होते. नुसती मळमळ, घाम आणि पोटात जडपणा एवढेच असते. सोडा घेतल्यावर ढेकर येणारच, सोड्याचे तेच काम. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे असे ठरत नाही. गाईसाठी १९६२ लावायला आपण वेळ लावत नाही, तसाच माणसासाठी १०८ लावायलाही लावू नका.

पोट फुगण्याची आणखी काही कारणे दुर्लक्ष करण्याजोगी नसतात. पोट टणक फुगले, उलट्या होत आहेत आणि शौच व वारा दोन्ही बंद आहेत, तर आतडे अडकले असू शकते. हे शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांचे काम, जुलाबाची गोळी देऊ नका. दारू पिणाऱ्या माणसाचे पोट महिन्याभरात वाढले आणि हातपाय वाळले, तर ते बहुधा यकृत खराब होऊन साचलेले पाणी. पन्नाशीच्या पुढच्या बाईला नव्याने रोज पोट फुगल्यासारखे वाटू लागले, थोडे खाल्ले तरी भरते, तर गॅसच्या गोळ्या बदलत बसण्याआधी एकदा सोनोग्राफी करून अंडाशय पाहून घ्यावे. मावशी, काकू हे अंगावर काढतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग दूध प्यायचे का?

पोटफुगीमुळे दूध विषारी होत नाही, गाईचा वायू दुधात उतरत नाही. टर्पेंटाईन दिले असेल तर दुधाला वास आणि चव येते, ते तेवढ्या दिवसांचे टाकून द्या. अँटिबायोटिकची इंजेक्शने दिली असतील तर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस दूध घरात वापरू नका आणि डेअरीलाही घालू नका. रेबीजची शंका असलेल्या गाईचे दूध वापरू नका. आधी प्यायले गेले असेल आणि ते उकळलेले असेल तर घाबरू नका, उकळण्याने विषाणू नष्ट होतो. कच्चे प्यायले असेल तर डॉक्टरांना सांगा.

दूध प्यायल्यावर तुम्हालाच गडगडते, पातळ होते, तर त्याचा गाईच्या फुगण्याशी संबंध नाही. दुधातली लॅक्टोज ही साखर पचवणारा रस मोठेपणी अनेकांत कमी होतो. मोठ्या पेल्यात दहा-बारा ग्रॅम लॅक्टोज असते. पेल्याऐवजी अर्धा कप, जेवणाबरोबर, किंवा दुधाऐवजी दही घेऊन पाहा. बहुतेकांना तेवढे सोसते.

शेवटचे, उरलेल्या अन्नाबद्दल. २०१८ पासून राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, तरी शिळे अन्न गाठ मारलेल्या पिशवीत रस्त्यावर ठेवले जाते. गाय गाठ सोडत नाही, पिशवीसकट गिळते. आणि घरात कुणी इन्सुलिन घेत असेल तर सुया ओल्या कचऱ्यात टाकू नका. गाय घास चावून निवडत नाही, गिळलेली टोकदार वस्तू जाळीपोटात जाऊन बसते आणि त्याच्यापुढे मधला पडदा सोडला तर लगेच तिचे हृदय असते. सुया झाकण घट्ट बसणाऱ्या जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की दवाखान्यात आणून द्या. आमच्याकडे त्यांची वेगळी विल्हेवाट लावली जाते.